जागतिक तत्त्वज्ञान परिषदेची प्रोसीडिंग्ज: काय मोफत मिळतं, कशाला पैसे द्यावेत, कुठे फसायला होतं

तत्त्वज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद पॅरिसमध्ये १ ते ५ ऑगस्ट १९०० या पाच दिवसांत भरली आणि पंचविसावी रोममध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये. या सव्वाशे वर्षांत छापलं गेलेलं बरंचसं साहित्य आज घरबसल्या वाचता येतं. मात्र ते एका जागी नाही, एका भाषेत नाही आणि सगळं फुकटही नाही. इथे परीक्षण आहे ते या छापील दप्तराचं (म्हणजे परिषदेत वाचलेल्या निबंधांच्या खंडांचं, प्रोसीडिंग्जचं), आणि ते जिथे मिळतं त्या तीन ठिकाणांचं: अमेरिकेतल्या फिलॉसॉफी डॉक्युमेंटेशन सेंटरचा (यापुढे नुसतं ‘सेंटर’) सशुल्क संग्रह, बोस्टन विद्यापीठाचं ‘पायदेया’ हे मोफत संकेतस्थळ, आणि इंटरनेट आर्काइव्ह व गॅलिका (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह) इथले जुने स्कॅन.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्या चार परिषदांसाठी एक रुपयाही खर्चू नका. पुढच्या काळासाठी सेंटरचा संग्रह उपयोगी आहे, पण तो संस्थेच्या खर्चानं वापरावा. आणि कुठलाही खंड उघडण्यापूर्वी एक गोष्ट पक्की धरावी: प्रोसीडिंग्जमध्ये निबंध सापडतात, परिषद सापडेलच असं नाही. सभेत कोण कुणाला काय म्हणालं, कुणाचा निबंध कोसळला, कुणाचं मत बदललं, हे बहुतेक वेळा दुसरीकडे छापलेलं असतं किंवा छापलेलंच नसतं. ज्यांची निराशा होते ती मुख्यतः यामुळेच.

पॅरिसचंच उदाहरण घ्या. परिषद उभी केली झाव्हिए लेओं आणि त्यांच्या ‘रेव्ह्यू द मेताफिजिक ए द मोराल’ या नियतकालिकाच्या मंडळीनं. अध्यक्ष होते एमिल बुत्रू. निबंधांचे चार खंड आर्माँ कोलाँ या प्रकाशनानं काढले. मेख अशी, की खंडांचे क्रमांक आणि प्रकाशनाची वर्षं एका ओळीत जात नाहीत. सामान्य तत्त्वज्ञान व सत्ताशास्त्राचा (मेटाफिजिक्स) पहिला खंड १९०० चा. तर्कशास्त्र व विज्ञानाच्या इतिहासाचा तिसरा खंड १९०१ चा, तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा चौथा १९०२ चा, आणि नीतिशास्त्राचा दुसरा खंड सगळ्यात शेवटी, १९०३ मध्ये. प्रबंधांच्या संदर्भसूचीत ‘१९००, खंड ३’ असं सर्रास दिसतं. ते चूक आहे. परिषद १९०० ची, खंड १९०१ चा, असं दोन्ही लिहायला हवं. नाहीतर ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) तो खंड सापडत नाही आणि दोष तालिकेला दिला जातो.

या चारांतला कामाचा खंड तिसरा. पान २४१ पासून रसेलचा अवकाश आणि काळातल्या क्रमाविषयीचा निबंध, २७९ पासून इटालियन गणितज्ञ पेआनोचा गणिती व्याख्यांवरचा छोटा निबंध, मग बुराली-फोर्ती, मग ३०९ ते ३६५ पादोआ. ही सव्वाशे पानं सलग वाचावीत. पुढच्या दहा वर्षांत तर्कशास्त्र कुठल्या दिशेनं गेलं ते इथे पेरलेलं दिसतं. पुढे पान ४५७ पासून यामिकीच्या (मेकॅनिक्स) तत्त्वांवर पॉइन्कारेही आहे. पण रसेलनं आत्मचरित्रात ज्याला आपल्या बौद्धिक आयुष्याचं वळण म्हटलं, ती गोष्ट या पानांत शोधू नका. चर्चेत पेआनो इतरांपेक्षा नेमका बोलतो आणि वादात सरस ठरतो हे रसेलच्या लक्षात आलं, आणि त्यानं पेआनोकडून त्याचं लेखन मागून घेतलं. हे घडलं चर्चेत, आणि या खंडांत निबंध आहेत, चर्चा नाहीत. चर्चांचा वृत्तांत त्याच ‘रेव्ह्यू’च्या सप्टेंबर १९०० च्या अंकात आहे, पान ५०३ ते ६९८. गॅलिकावर तो अंक मोफत आहे. खंड आणि अंक शेजारी उघडून ठेवले तरच पहिली परिषद वाचल्यासारखी होते.

आणखी एक गोंधळ वारंवार होतो. हिल्बर्टनं आपले प्रसिद्ध प्रश्न पॅरिसमध्ये ऑगस्ट १९०० मध्येच मांडले हे खरं, पण ते गणितज्ञांच्या परिषदेत, जी ६ ऑगस्टला म्हणजे तत्त्वज्ञांची संपल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू झाली. तिचं दप्तर वेगळं. आपल्या चार खंडांत हिल्बर्ट शोधण्यात संध्याकाळ घालवू नये.

पैसे न देता सर्वाधिक देणारे खंड म्हणजे जिनिव्हा १९०४ आणि हायडेलबर्ग १९०८. दोन्ही एकेकाच जाडजूड ग्रंथात आहेत: जिनिव्हाचा क्लापारेदनं संपादित केला, १९०५ मध्ये निघाला; हायडेलबर्गचा एल्सेनहान्सनं, १९०९ मध्ये. या दोहोंत निबंधांबरोबर चर्चाही छापल्या आहेत, आणि तिथेच खरी मजा आहे. हायडेलबर्गला जोसाया रॉइसनं सत्याच्या प्रश्नावर निबंध वाचला, ऑक्सफर्डचा एफ. सी. एस. शिलर प्रॅग्मॅटिझमची (विचाराचं सत्य त्याच्या व्यवहारातल्या परिणामांवरून जोखणाऱ्या अमेरिकी मताची) बाजू लढवायला हजर होता, आणि जर्मन प्राध्यापकांना हे अमेरिकी मत किती खटकलं ते चर्चेच्या पानांत स्वच्छ दिसतं. प्रॅग्मॅटिझमवर मराठीत किंवा इंग्रजीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी दुय्यम ग्रंथांतून चौथ्या हाताचे उल्लेख उचलण्याऐवजी हा एक ग्रंथ उघडावा. अडचण भाषेची: प्रश्न इंग्रजीत, उत्तर जर्मनमध्ये, मधेच कुणी फ्रेंच.

या मिश्र भाषेमुळे स्कॅनच्या आतला शोधही हमखास गंडतो. अक्षरओळख करणारी प्रणाली साधारणतः एका भाषेवर बेतलेली असते; जर्मन ग्रंथातला फ्रेंच परिच्छेद ती वेडावाकडा वाचते, स्वरांवरच्या खुणा गाळते किंवा त्यांच्या जागी अंक टाकते. उपाय असा: पूर्ण शब्द न शोधता खुणा नसलेला तुकडा शोधायचा, किंवा केवळ आडनाव. तेही न जमलं तर फ्रेंच व इटालियन ग्रंथांत अनुक्रमणिका शेवटी असते हे लक्षात ठेवून थेट शेवटच्या पानांवर जायचं. इंग्रजी पुस्तकांच्या सवयीनं ती सुरुवातीला शोधणारे ‘या स्कॅनमध्ये अनुक्रमणिका गहाळ आहे’ अशी तक्रार करत बसतात.

बोलोन्या १९११ ची कथा वेगळी. फेदेरिगो एन्रिक्वेस अध्यक्ष, आणि दोन व्याख्यानं अशी की एकट्यानं परिषद तारावी: बर्गसाँचं तत्त्वज्ञानातल्या अंतःप्रज्ञेवरचं, आणि भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँचं अवकाश-काळाच्या उत्क्रांतीवरचं. तोफगोळ्यासारख्या यानात बसून प्रचंड वेगानं गेलेला प्रवासी दोन वर्षांनी परततो तेव्हा पृथ्वीवर दोनशे वर्षं लोटलेली असतात, हा सापेक्षतेच्या लोकप्रिय मांडणीतला दृष्टान्त लांजव्हँच्या याच व्याख्यानाशी जोडलेला आहे. पण त्यासाठी परिषदेचे इटालियन खंड धुंडाळण्यापेक्षा ‘सायेन्शिया’ नियतकालिकाचा १९११ चा दहावा खंड उघडावा, आणि बर्गसाँसाठी ‘रेव्ह्यू’चा त्याच वर्षाचा. बर्गसाँच्या बाबतीत ही सवय लावून घेतलेली बरी. जिनिव्हात त्यानं वाचलेला मेंदू आणि विचार यांवरचा निबंध परिषदेच्या ग्रंथात आहे, १९०४ च्या ‘रेव्ह्यू’त आहे, आणि शीर्षक बदलून त्याच्या १९१९ च्या निबंधसंग्रहातही आहे. यांतला कुठला पाठ वापरला ते न सांगता पानक्रमांक देणं म्हणजे वाचकाला पिन कोड नसलेलं पाकीट देणं.

पाचवी परिषद लंडनला १९१५ मध्ये व्हायची होती. महायुद्धानं ती गिळली, आणि पाचवा क्रमांक लागला तो नेपल्सला, १९२४ मध्ये. तालिकेत १९११ नंतर तेरा वर्षं काहीच दिसत नाही त्याचं कारण हे. संग्रह अपुरा आहे असं समजू नये.

भारतीय वाचकाला इथून पुढे ओळखीची नावं भेटू लागतात. सुरेंद्रनाथ दासगुप्त नेपल्सला गेले होते. हार्वर्डला १९२६ मध्ये भरलेली सहावी परिषद ही युरोपबाहेरची पहिली; तिथे राधाकृष्णन यांनी संस्कृतीच्या इतिहासातलं तत्त्वज्ञानाचं कार्य या विषयावर निबंध वाचला. हा ग्रंथ ब्राइटमननं संपादित केला आणि लाँगमन्स, ग्रीननं १९२७ मध्ये काढला. पान ५९ ते ६४ वर व्हाइटहेडचा काळावरचा निबंध आहे, तो तर कुठल्याही किमतीला स्वस्त. आपल्याकडे इंडियन फिलॉसॉफिकल काँग्रेसचं पहिलं अधिवेशन रवींद्रनाथांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १९२५ मध्ये कलकत्त्याला झालं, म्हणजे हार्वर्डच्या जेमतेम नऊ महिने आधी. दोन्ही अहवाल समोरासमोर ठेवून वाचण्याजोगे आहेत: घरच्या सभेत कोण काय बोलत होतं आणि परदेशी पाहुण्यांसमोर काय. शोधताना दासगुप्त एका शब्दात आणि दोन शब्दांत, अशा दोन्ही रूपांनी टाकून बघावं. दाक्षिणात्य नावं आद्याक्षराखाली गेलेली असतात, तेव्हा तिथेही एक नजर.

ऑक्सफर्ड १९३० चा ग्रंथ गिल्बर्ट राइलनं संपादला. श्लिकचा तत्त्वज्ञानाच्या भवितव्यावरचा पाच पानी निबंध त्यात आहे. बाकीचं चाळलं तरी पुरे.

खरे सापळे आहेत ते १९३४ ते १९३७ या तीन वर्षांत, आणि तर्कशास्त्र किंवा विज्ञानाचं तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांची इथे नक्की फसगत होते. प्राग १९३४ चा अहवाल १९३६ मध्ये निघाला. हुसर्लला प्रत्यक्ष जाता आलं नाही; त्यानं अध्यक्ष राडल यांना पत्र पाठवलं, आणि ते छापलं गेलं सुरुवातीच्या रोमन आकड्यांच्या पानांत, एकेचाळीस ते पंचेचाळीस. स्कॅनमध्ये ‘पान ४१’वर उडी मारली तर भलताच मजकूर समोर येतो, पुस्तकाच्या अगदी सुरुवातीपासून एकेक पान उलटणं हाच मार्ग. दुसरं असं, की व्हिएन्ना मंडळाच्या (तर्कशास्त्र आणि विज्ञान यांवर तत्त्वज्ञान उभं करू पाहणाऱ्या गटाच्या) लोकांनी मुख्य परिषदेच्या आधी प्रागमध्येच स्वतःची वेगळी पूर्वपरिषद घेतली होती. तिचे निबंध परिषदेच्या अहवालात नाहीत; ते मंडळाच्या ‘एर्केंटनिस’ या नियतकालिकाच्या पाचव्या खंडात आहेत, आणि तो जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात मिळतो. मंडळातला कार्नाप दोन्हीकडे आहे, त्यामुळे कुठला निबंध कुठला हे तपासूनच लिहावं.

मग पॅरिस १९३५ आणि पॅरिस १९३७. १९३५ ची सॉर्बॉनमधली वैज्ञानिक तत्त्वज्ञानाची परिषद ही या मालिकेतली नाहीच; ती सगळी विज्ञानं एका सूत्रात आणू पाहणाऱ्या ऐक्यविज्ञानवाल्यांची स्वतंत्र. १९३७ ची नववी, देकार्तच्या ‘पद्धतीविषयीच्या विवेचना’ला तीनशे वर्षं झाल्याच्या निमित्तानं भरलेली, ती आपली. पण दोन्हींचे अहवाल एर्मान या एकाच प्रकाशकानं, एकाच मालेत, सारख्याच दिसणाऱ्या पातळ पुस्तिकांत काढले. १९३५ च्या आठ पुस्तिका म्हणजे मालेतले क्रमांक ३८८ ते ३९५. १९३७ च्या बारा म्हणजे ५३० ते ५४१. तार्किक निष्पत्तीच्या संकल्पनेवरचा तर्कशास्त्रज्ञ तार्स्कीचा बहुउद्धृत निबंध ३९४ मध्ये आहे, म्हणजे १९३५ च्या सातव्या पुस्तिकेत. सेंटरच्या संग्रहात तो शोधून न सापडल्यावर ‘संग्रह अपुरा’ असा शेरा मारणं अन्यायाचं. तो निबंध या परिषदेचा नव्हेच. १९३७ साठी तार्स्कीनं दिलेला निगमनपद्धतीवरचा निबंध ५३५ मध्ये, सहाव्या पुस्तिकेत. नुसतं ‘पॅरिस काँग्रेस, एर्मान’ एवढ्या आधारावर पुस्तिका मागवली तर चुकीची येण्याची शक्यता निम्मी. मालेचा क्रमांक नेहमी लिहावा. देकार्तवर काम करणाऱ्यांना पहिल्या तीन पुस्तिका पुरतात.

जुन्या ग्रंथालयांत या पहिल्या काळातले खंड क्राउस कंपनीच्या १९६८ च्या पुनर्मुद्रणात असतात. मुखपृष्ठाच्या मागे १९६८ दिसलं म्हणून तालिकाकारानं तेच वर्ष नोंदवलेलं असू शकतं. आतली पानं मूळचीच आहेत, पानक्रमांक बिनधास्त वापरावेत.

युद्धानंतर चित्र पालटतं. १९४८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या दहाव्या परिषदेच्या वेळी तत्त्वज्ञान संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याला फ्रेंच आद्याक्षरांवरून सगळे ‘फिस्प’ म्हणतात. तेव्हापासून २०१८ पर्यंत परिषद बरोबर दर पाच वर्षांनी भरली. त्यामुळे एक सोपा हिशेब हाताशी येतो: वर्षातून १९४८ वजा करा, पाचनं भागा, दहा मिळवा. १९७३ म्हणजे पंधरावी, १९९८ म्हणजे विसावी, २०१३ म्हणजे तेविसावी. पंचविसावी २०२३ मध्ये मेलबर्नला ठरली होती, ती महासाथीनंतर वर्षभर पुढे सरकून रोमला गेली. तेवढा एक अपवाद. पुढची टोकियोला २०२८ मध्ये आहे, तिला हिशेब पुन्हा लागू पडतो. तालिका चाळताना आणखी एक ध्यानात ठेवावं: १९६८ च्या व्हिएन्नापर्यंत शीर्षकात ‘आंतरराष्ट्रीय’ आहे, १९७३ च्या वार्नापासून ‘जागतिक’. एकाच शब्दावर शोध लावला तर अर्धी मालिका अदृश्य होते.

खंडांची संख्याही फुगत जाते. ब्रसेल्स १९५३ चे चौदा, व्हेनिस-पादुआ १९५८ चे बारा, मेक्सिको १९६३ चे दहा. स्पष्टच सांगायचं तर यांतला मोठा भाग आज वाचवत नाही. पाच-सहा पानी निबंध, प्रत्येकाच्या सुरुवातीला विषयाची थोरवी, आणि मुद्दा येईतो जागा संपलेली. नियतकालिकातल्या लेखाला जशी चाळणी लागते तशी इथे लागलेली असेल असं गृहीत धरू नये; संदर्भ देताना तेवढी सावधगिरी हवी. या खंडांचा उपयोग वेगळ्या कामासाठी उत्तम होतो: कुठल्या देशातून किती लोक येत, कुठले विभाग नव्यानं उघडले, कुठले बंद पडले हे अनुक्रमणिकांवरून मोजता येतं. शीतयुद्धातल्या तत्त्वज्ञानाचा इतिहास लिहिणाऱ्यानं व्हिएन्ना १९६८ आणि वार्ना १९७३ च्या अनुक्रमणिका शेजारी ठेवाव्यात. व्हिएन्नाची परिषद सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरली, सोव्हिएत रणगाडे शेजारच्या चेकोस्लोव्हाकियात शिरून पुरता पंधरवडाही झाला नव्हता.

बोस्टन १९९८ चं पायदेया संकेतस्थळ हे या सगळ्यातलं सर्वांत सोयीचं दुकान: लॉगिन नाही, पैसे नाहीत, निबंध विषयवार लावलेले, वर सारांश. दिसायला ते १९९८ सारखंच दिसतं, मोबाइलवर अक्षरं बारीक येतात, पण पान क्षणात उघडतं. पत्त्याची रचना ओळखली की शोध सोपा होतो: आधी विभागाची चार रोमन अक्षरं, मग तीच पुन्हा आणि त्यांना जोडून लेखकाच्या आडनावाची पहिली चार. दोष एकच पण गंभीर: पानक्रमांक नाहीत. त्यामुळे उद्धृत करताना विभागाचं नाव, शीर्षक आणि परिच्छेदाचा क्रमांक स्वतः मोजून द्यावा. आणि निमंत्रितांची मुख्य व्याख्यानं तिथे शोधू नयेत. त्यांसाठी सेंटरनं स्वतंत्र बारा खंड काढले आहेत.

आता सेंटरच्या संग्रहाविषयी. शीर्षक, लेखक, पानं कुणालाही दिसतात. पूर्ण मजकूर वर्गणीदार संस्थेला, किंवा एकेक लेख विकत घेऊन. एकाच ठिकाणी इतक्या परिषदांची लेखवार सूची दुसरीकडे नाही, आणि पैसे न भरताही ती सूची वापरता येते हा मोठा फायदा. प्रत्येक लेखाच्या कायम ओळखक्रमांकात (डीओआय) परिषदेचा क्रमांक आणि वर्ष गुंफलेलं असतं, त्यावरून लेख कुठला ते चटकन कळतं. पण अथेन्सच्या लेखांना तिथे २०१८ लागलं आहे, कारण परिषद २०१३ ची असली तरी खंड पाच वर्षांनी निघाले. ते वर्ष बघून लेख बीजिंग परिषदेचा समजणारे भेटतात. बीजिंगची परिषद २०१८ मध्येच झाली, त्यामुळे चूक पटतेही. शिवाय सोल २००८ आणि अथेन्स २०१३ मध्ये ‘खंड’ म्हणजे प्रत्यक्षात विषयविभाग. ‘खंड ५०’ बघून दचकू नये, एखादा खंड मूठभर निबंधांचाही असतो.

मोफत ठेवण्याच्या बाबतीत आपल्या पुण्याचं उदाहरण चांगलं आहे. ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे १९७३ पासून पुणे विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग आणि अमळनेरचं प्रताप तत्त्वज्ञान केंद्र यांच्या नावानं निघालेलं त्रैमासिक; त्याचे जुने अंक विद्यापीठानं जालावर खुले केले. जागतिक महासंघाला पन्नास वर्षांपूर्वीच्या खंडांबाबत तेवढं करणं अवघड नसावं.

खरेदीचा क्रम असा ठेवावा. आधी सेंटरच्या सूचीतून लेखाचा नेमका खंड व पानं टिपून घ्यायची. मग तोच खंड इंटरनेट आर्काइव्हवर मूळ भाषेतल्या शीर्षकानं शोधायचा, इंग्रजी शीर्षकानं नव्हे, आणि क्रमांक रोमन आकड्यात व शब्दात असा दोनदा टाकून. त्यानंतर त्याच लेखकाचा तोच निबंध नियतकालिकात किंवा समग्र वाङ्मयात आला आहे का ते बघायचं. तिथला पाठ बहुधा अधिक शुद्ध असतो. एवढं करूनही हाती लागला नाही, तरच त्या एका लेखाचे पैसे भरावेत. विद्यापीठात असाल तर त्याही आधी ग्रंथपालांकडे आंतरग्रंथालयीन मागणी टाकावी, आणि अर्जावर परिषदेचं वर्ष व खंडाचं वर्ष ही दोन्ही वेगवेगळी लिहावीत.